आज दैवशाला कोण?

मानवतच्या आडावर पोरी बोलायच्या ती मराठीच, पण दैवशालाच्या पदरात त्यातलं निम्मंच पडायचं.

“काल आमच्या घरी पाशिंजर लय भरले,” असं एखादी म्हणायची, म्हणजे पाव्हणे आले. “तिचं शीट धरलंय पाथरीला,” म्हणजे तिचं लग्न ठरलं. डायवर म्हणजे नवरा. मोटारींचा अड्डा आडापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि दिवसभर कंडक्टरची आरडाओरड ऐकून पोरींच्या जिभेला चाकं फुटली होती. त्यांच्यातल्या बहुतेकींनी मोटारीच्या पायरीवर कधी पाय ठेवलेला नव्हता. पण बोलणं ऐकावं तर वाटावं, रोज परभणीला जाऊन दुपारच्या भाकरीला परत येतात.

दैवशाला वैशाखात लग्न होऊन सेलूहून इथं आली, आणि आता पौष लागला होता. इथं तिला दैवशाला म्हणणारं कुणी नव्हतं. लग्नातच ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव निघालं होतं: नर्मदा. अर्धं नवऱ्यानं काढलं, अर्धं भटजीनं त्याचा हात धरून. सुग्रीव माणूस सरळ, शेतातून घरी, घरून शेतात. नर्मदा म्हणून हाक मारायचा तेव्हा ती एखादा क्षण थांबायची, आणि तेवढ्यात तो समजायचा की हिला कमी ऐकू येतं. मग पुढची हाक आणखी मोठ्यानं.

तशी नवी नावं त्या साली बऱ्याच जणांच्या वाट्याला आली होती. दोन महिन्यांपूर्वी अख्खा जिल्हाच हैदराबादच्या दावणीवरून सोडून मुंबईच्या दावणीला बांधला होता. कचेरीतले कारकून नवीन शब्द घोकत बसले होते आणि चुकून जुनाच शब्द तोंडून गेला की जीभ चावत होते. पण कारकुनांना निदान दहा जण सोबतीला होते. दैवशाला एकटी होती.

म्हणून त्या सकाळी आडावर पोरींनी तिला आपणहून मधे घेतलं, तेव्हा ती हरखली.

“नर्मदा वैनी, सासू कशी हाय वो तुमची?” कमलनं विचारलं. कमल म्हणजे आडावरची पाटलीण. वय अठरा, आवाज अडतिसाचा.

“आमच्या आत्याबाईंचं काय सांगावं,” दैवशाला म्हणाली. किती दिवसांनी कुणीतरी तिला विचारत होतं! “मीठ मोजून, तेल मोजून. आन् हसणं त्याच्याहून मोजून.”

पोरी खिदळल्या. तेवढ्यात कमल हळूच म्हणाली, “एक घंटी.”

सगळ्याजणी गप्प झाल्या. कुणी दोरीला हात घातला, कुणी कळशी घासायला घेतली. दैवशालाला वाटलं, गंमत संपली, आता आपणच आणखी थोडी वाढावी.

“सपनात तरी हसत्यात का, ते त्यांच्या लेकीला, झुंबरला, इचारलं पाह्यजे,” ती म्हणाली.

“सपनात मी सुनेचं बोलणं मोजते,” मागून आवाज आला. धुरपताबाई डोक्यावर चुंबळ आणि हातात घागर घेऊन उभ्या होत्या. “सेलूचं माप लय सैल दिसतंय माय. आमच्याकडं एवढं सांडत न्हाईत.”

सासरच्या माणसांचं एक असतं. सुनेचं बोलणं ते नावे टाकतात आणि गप्प राहणं जमा धरतात. आठ महिन्यांत दैवशालानं गप्प राहून जेवढं काही साठवलं होतं, ते त्या दोन वाक्यांत गेलं. धुरपताबाई घरी आल्यावर ओरडल्या नाहीत. फक्त चुलीपुढं बसून म्हणाल्या, “संक्रांतीला माहेराला जायचं म्हनं? काय करायचंय जाऊन. तिथं जाऊन आणखी काय काय शिकून येशील.”

धुरपताबाईंची लेक झुंबर हे ऐकत होती. सोळाची पोर, तिचंही पाथरीला शीट धरलेलं. आई उठून गेल्यावर ती भावजयीजवळ सरकली.

“वैनी, एक घंटी म्हंजे गप बसा, कोनीतरी यायलंय. डबल घंटी म्हंजे चालू द्या.”

“मग आधी सांगायचं की गं!”

“आधी कामून सांगायचं?” झुंबर निर्मळपणे म्हणाली. “तुमी आमच्यातल्या हाव का आईच्यातल्या, ते कुठं ठाऊक हुतं आमाला.”

त्या शब्दानं दैवशालाला जेवढं लागलं तेवढं सासूच्या मापानं लागलं नव्हतं. कारण सेलूला तिची गोष्ट बरोबर उलटी होती.

सेलूला जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या ढिगाभोवती त्या चौघी बसायच्या: छबू, कडू, बायना आणि ती. काम कापसातला पालापाचोळा आणि कवडी काढायचं. कवडी म्हणजे किडीनं डागाळून पिवळा पडलेला कापूस. हात चालला पाहिजे आणि तोंड बंद पाहिजे, असा मुकादम किशनरावाचा कायदा. हा माणूस निजामाच्या अमलापासून तिथं होता आणि पोरी बोलताना दिसल्या की “खामोश!” म्हणून ओरडायचा. निजाम गेला, त्याचं नाणं गेलं, खामोश तेवढं राहिलं.

तोंड बंद ठेवायचा हुकूम झाला की माणसाला हटकून बोलायचं आठवतं. चौघींनी समोरच्या ढिगातलेच शब्द उचलले. न आवडलेलं स्थळ म्हणजे कवडी. पोटात ठेवलेली गोष्ट म्हणजे सरकी, आणि “सरकी काढ गं” म्हटलं की ती काढावीच लागायची. लग्न ठरलं की गठाण बांधली. सासरी गेली की गठाण रवाना. मुकादमाकडं चुगल्या करणारी, ती मात्र कचेरीतली पेशकार. आणि जिनाच्या दाराकडं तोंड करून बसायची जागा दैवशालाची. तिघींची पाठ दाराकडं, बिनघोर. किशनरावाचा फेटा दारात दिसला की दैवशाला खोकायची. कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला. तिच्या जिवावर तिघींनी अख्खे तीन हंगाम गप्पा मारल्या आणि एकदाही सापडल्या नाहीत.

जिच्या खोकल्यावर सेलूच्या पोरी तरल्या, तिच्यासाठी मानवतला कुणी वेळेवर खोकलं नाही.

सेलूचे शब्द इथं बोलायचा तिनं प्रयत्न केला होता. एकदा जेवताना सुग्रीवला लाडात येऊन म्हणाली, “तुमच्या दोस्ताची गठाण कवा?” सुग्रीवनं घास थांबवून रुईच्या गाठीचा चालू भाव सांगितला. त्यानंतर ते शब्द तिनं तोंडातच ठेवले. भाकरी थापताना, सारवताना, ती मनातल्या मनात छबूशी बोलायची, छबू मनातल्या मनात उत्तर द्यायची, आणि दोघींचं काम एकट्या दैवशालाला करावं लागायचं. अशानं माणूस थकतं. तिला फार काही नको होतं. एकदा, एकच दुपार, त्या ढिगाशी बसायचं होतं आणि कुणीतरी “सरकी काढ गं दैवशे” म्हणायला हवं होतं. पंचमीला जिन बंद असतं. दिवाळीला ती गेली, पण जावई बरोबर. जावयाच्या मागं-पुढं करण्यात तीन दिवस गेले. राहता राहिली संक्रांत, आणि ती आता धुरपताबाईंच्या मुठीत होती.

भोगीच्या दोन दिवस आधी तिचा थोरला भाऊ वैजीनाथ मुराळी म्हणून न्यायला आला. गुडघ्यावर हात ठेवून ओसरीवर बसला. धुरपताबाईंनी त्याला चहा दिला, पाऊसपाणी विचारलं, कापसाचं विचारलं, म्हशीचंही विचारलं. बहिणीला धाडते असं काही म्हणाल्या नाहीत. दैवशाला दाराआड उभी होती आणि हातातल्या शेंगा फोडायच्या सोडून नुसत्या मोजत होती.

“आत्याबाई,” वैजीनाथ शेवटी म्हणाला, “तिकिटाचे पैसे दोघांचे आनलेत.”

“एकट्यानं दोन शिटांवर बसून जा की,” धुरपताबाई म्हणाल्या. मग त्यांचंच त्यांना हसू आलं असावं, कारण त्या उठल्या आणि डब्यातून तिळाचे लाडू काढून फडक्यात बांधायला लागल्या. “मुराळी रिकामा धाडला तर गाव मलाच नावं ठेवील. ने. पर करीच्या दुसऱ्या दिशी दारात पाय पाह्यजे. आन् नर्मदे, बोलणं उलूसं मापून.”

मानवतहून बैलगाडीनं स्टेशन, तिथून पॅसेंजर. गाडीत खिडकीशी बसून दैवशाला हसत होती. वैजीनाथनं विचारलं, “काय झालं गं?” ती म्हणाली, “गठाण उलटी चाललीय.” वैजीनाथला काही कळलं नाही. पण बहीण बऱ्याच दिवसांनी हसायली, एवढं कळलं, म्हणून तोही हसला.

घरी आईला भेटली, पाणी प्याली, आणि लाडवाचं फडकं घेऊन थेट जिनाकडं निघाली. फडक्यात चौघींचे लाडू होते. वाटेत आईनं सांगितलेलं डोक्यात घोळत होतं. बायना नवऱ्याबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर गेली, आता उन्हाळ्यातच येईल. कडूला दिवस गेलेत, सासरी पाथरीकडं आहे. म्हणजे राहिली छबू. छबूचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं आणि ती अजून ढिगाशीच होती. असू दे. दोघी तर दोघी. चार लाडू दोघींत खाऊ.

जिन तेच होतं. तीच घरघर, हवेत उडणारा तोच कापूस, पोरींच्या केसांवर बसलेली तीच पांढरी भुरभुर. ढिगाभोवती आठ-दहा नव्या पोरी होत्या. छबूनं तिला पाहिलं आणि उठून धावत आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

“या पाव्हण्या!” छबू म्हणाली.

मग छबूनं एक पोतं झटकलं, घडी केली, आणि ढिगापासून हातभर लांब अंथरलं. “बस, लुगड्याला कापूस लागंल.”

दैवशाला पोत्यावर बसली. तीन हंगाम ती त्या ढिगात कमरेएवढी रुतून बसली होती, आणि आज तिच्या लुगड्याला कापूस लागू नये म्हणून पोतं! मानाची जागा म्हणतात ती हीच. माणसाला घालवायचं असेल तर आधी मान द्यावा, असं कुणीतरी शहाण्यानं ठरवलेलं दिसतं.

पोरी तिच्याकडं बघून गप्प झाल्या. मग एक बारकीशी, नाकात मोती घातलेली पोर शेजारणीला म्हणाली, “वजनकाटा ठेव गं.” शेजारीण तोंडावर पदर धरून हसली. वजनकाटा म्हणजे काय ते दैवशालाला ठाऊक नव्हतं. तिच्या वेळी असा शब्द नव्हता. तिनं छबूकडं पाहिलं. छबू कापूस निवडत होती आणि गालात हसत होती.

“सरकी काढ की गं,” दैवशाला छबूला हळूच म्हणाली. आठ महिने जपून ठेवलेला शब्द होता.

“अगं, सरकी आता कोनी म्हनत न्हाई,” छबू म्हणाली. “पोरी ‘बोंड’ म्हनत्यात. बोंड फोड.” आणि तिला काहीतरी टोचलं असावं, कारण लगेच म्हणाली, “म्हन की तू. तू म्हन. मला कळतंय.”

दैवशालानं लाडवाच्या फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली.

तेवढ्यात दाराकडं तोंड करून बसलेली मोतीवाली पोर खाली मान घालून भरकन म्हणाली, “दैवशाला!”

“ओ,” दैवशालानं उत्तर दिलं.

ओ इतका मोठा गेला की जिनाच्या आवाजातही ऐकू आला. पोरींचे हात ढिगात गेले होते, माना खाली होत्या, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. दारातून किशनराव आला, फेटा जरा जुना झालेला. पोतं अंथरून बसलेली पाव्हणी पाहून त्यानं “राम राम” केला, तिला ओळखलं नाही, आणि पुढं गेला. तो गेल्यावर हसू फुटलं.

“आवं मावशी, तुमी कोनाला ओ द्यायल्या?”

“तू... तू मला हाक मारलीस न्हाई का?”

“हाक कुठली! मुकादम यायला की आमी दैवशाला म्हनतो. म्हंजे हुशार व्हा.”

“रोज सकाळी ठरवायचं,” दुसरी म्हणाली. “आज दैवशाला कोण? मग ती दाराकडं तोंड करून बसती. आज ही हाय.”

दैवशालानं छबूकडं पाहिलं. छबूचे हात थांबले होते.

“तू गेलीस,” छबू फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, “मग खोकायला कोनी ऱ्हायलं न्हाई. जी कोनी त्या जागी बसंल तिला मी म्हनायची, आज तू दैवशाला हो. नव्या पोरी आल्या. खोकणं गेलं, नावच ऱ्हायलं.”

“पर दैवशाला म्हंजे कोन?” दैवशालानं पोरींना विचारलं.

“हुती एक,” मोतीवाली म्हणाली. “पैल्या काळातली. लय धिप्पाड. एकदा तिनं मुकादमाला गठाणीवर ढकलून दिलं हुतं.”

“ढकललं न्हाई गं, फेटा उडविला त्याचा,” दुसरीनं दुरुस्ती केली.

“आन् मग?”

“मग काय. गेली कुठंतरी. मेली असंल.”

पैल्या काळातली! मागच्या शिमग्यापर्यंत ती इथंच बसली होती. दैवशालाच्या ओठांवर आलं होतं सगळं. तिला फक्त म्हणायचं होतं, अगं बायांनो, ती मी. पोतं फेकून ढिगात बसायचं होतं. पोरींनी तोंडाला हात लावला असता, छबू हसली असती, आणि एका दुपारपुरती ती परत तिथली झाली असती. आठ महिने तिनं याच दुपारच्या आशेवर दिवस काढले होते.

“तुमचं नाव काय वो मावशी?” मोतीवालीनं विचारलं.

छबू तोंड उघडायला गेली. दैवशालानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नर्मदा,” ती म्हणाली. “मानवतची.”

तिनं चारही लाडू पोरींना वाटले, तुकडे तुकडे करून, प्रत्येकीला चिमूटभर आले. छबू तिला आवाराच्या फाटकापर्यंत पोचवायला आली. मग रागानं म्हणाली, “सांगितलं का न्हाईस गं? पोरींनी डोक्यावर घेतलं असतं तुला.”

“घेतलं असतं की,” दैवशाला म्हणाली. “आन् उद्यापास्नं? थोरल्या बाईचं नाव तोंडावर कोन घेतंय? दैवशालाबाई म्हनल्या असत्या, आक्का म्हनल्या असत्या. मुकादम आला म्हनून माझ्या नावानं कोन वरडलं असतं? शरमेनं दुसरा शब्द काढला असता.” ती थांबली. “वजनकाटा म्हंजे काय गं?”

छबूनं डोळ्याला पदर लावला आणि हसली. “परकं मानूस बसलंय, जपून बोला.”

“चांगला हाय शब्द,” दैवशाला म्हणाली.

करीच्या दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणं तिनं मानवतच्या दारात पाय ठेवला. धुरपताबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि सेलूच्या तीळगुळात गूळ कमी आहे, असं सांगितलं. दुसऱ्या सकाळी झुंबर आणि ती आडावर गेल्या. कमल होती, बाकीच्या होत्या. बोलणं झुंबरच्या होणाऱ्या नवऱ्यावर चाललं होतं. झुंबर लाजत होती आणि आणखी विचारा म्हणून थांबत होती. दैवशाला दोरी ओढत होती. आडाच्या कठड्यावरून तिला गल्लीचं तोंड दिसायचं. तिथं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं, पण पाय सवयीनं तिथंच थांबले होते.

गल्लीच्या तोंडाशी चुंबळ दिसली.

दैवशाला खोकली. कोरडा, दोन ठोक्यांचा.

पोरींना कळलं नाही. कमल तर आणखी रंगात आली होती. “झुंबरे, तुझा तो डायवर शिटी मारतो का गं...”

“दैवशाला!” दैवशाला म्हणाली.

स्वतःचं नाव असं मोठ्यानं तिनं जन्मात घेतलं नव्हतं. पोरींनी चमकून पाहिलं, मग तिच्या नजरेमागं गल्लीकडं पाहिलं, आणि कळशा खळाखळा वाजायला लागल्या. धुरपताबाई आल्या, पाणी भरलं, सगळ्यांच्या घागरींवर एकवार नजर टाकली. सांडलेलं काही दिसलं नाही. गेल्या.

“डबल घंटी,” कमल म्हणाली आणि श्वास सोडला. “वैनी, ते काय म्हनल्या तुमी? दैवशाला?”

“आमच्या सेलूला म्हनत्यात. थोरलं मानूस यायलं की.”

“म्हंजे एक घंटीच की.”

“एक घंटी आता तुमच्या आयांना बी कळायली,” दैवशाला म्हणाली. “आत्याबाईला तर कवाच कळलीय. त्या दिशी घंटी ऐकूनच पाय न वाजवता मागं आल्या, पाह्यलं न्हाई का?”

कमलला हे पटलं. तिनं शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला. “दैवशाला. बराय. पर दैवशाला म्हंजे कोन वो?”

झुंबरनं वर पाहिलं. लग्नाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव होतं ते तिला ठाऊक होतं. तिनंच ती पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली होती. दैवशालानं नुसतं तिच्याकडं पाहिलं. झुंबरनं दोरीची गाठ घट्ट केली.

“हुती एक,” दैवशाला म्हणाली. “लय धिप्पाड. मुकादमाला गठाणीवर ढकलून दिलं हुतं म्हनं तिनं.”

“खरं का काय!” पोरी कळशा सोडून जवळ सरकल्या.

माघ सरता सरता आडावर एक घंटी मागं पडली. “आज दैवशाला कोण?” असं सकाळी कमल विचारायची आणि कुणीतरी हात वर करायची. झुंबरचं लग्न फाल्गुनात होतं. पाथरीच्या आडावर काय काय न्यायचं, त्याची तयारी ती आतापासून करत होती, आणि त्यातली निम्मी बोचक्यात बांधता येण्यासारखी नव्हती.

एका सकाळी हात वर करायची पाळी झुंबरचीच होती. दैवशाला पाठ गल्लीकडं करून, बिनघोर, धुणं धूत होती. कमल कुणाच्या तरी सासऱ्याची नक्कल करत होती.

“दैवशाला!” झुंबर कुजबुजली.

सगळ्या गप्प झाल्या. पण या खेपेला धुरपताबाई जरा लवकर पोचल्या होत्या. कठड्याशी थांबल्या. लेकीकडं पाहिलं, कमलकडं पाहिलं. मग सुनेच्या वाकलेल्या पाठीकडं बराच वेळ पाहिलं. त्यांनाही पत्रिका ठाऊक होतीच.

“कोनाला हाका मारायल्या गं?” त्यांनी विचारलं.

“कोनाला न्हाई काकू,” कमल म्हणाली.

“हं,” धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि दोन पावलं पुढं जाऊन थांबल्या. “चल नर्मदे. उनं चढायली.”

“ओ,” दैवशालानं उत्तर दिलं.

ओ चांगला मोठा गेला, जिनाच्या घरघरीतही ऐकू यावा इतका. कोणत्या हाकेला दिला, ते धुरपताबाईंनी विचारलं नाही. त्या पुढं चालत राहिल्या, फक्त सून मागून येईपर्यंत पाऊल जरा हळू टाकत.